'परिवार'चं 'पररिवार' झालं. एका बटणापायी कीबोर्ड-माउसचा अख्खा सेट बदलावा का?

बोरीकाठची (अमळनेर)

नमस्कार मंडळी. मी घरून डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, कधी एखादा कवितासंग्रह. अकरा वर्षं झाली, सगळं मराठी इनस्क्रिप्टवर, म्हणजे आपल्या लिप्यांसाठी ठरवलेल्या बटणांच्या मांडणीवर.

आधी काय घडलं ते सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीची गर्दी होती, एका दिवसात सात पत्रिका. त्यातल्या एका पत्रिकेत शेवटच्या ओळीत 'समस्त परिवार'च्या जागी 'समस्त पररिवार' पडलं. प्रूफ मी वाचलं, नवरीच्या काकांनी वाचलं, कुणाच्याच नजरेला आलं नाही. चारशे पत्रिका छापून घरी गेल्यावर नवरीच्या आजीने त्या शब्दावर बोट ठेवलं. पुन्हा छापून दिल्या, खर्च मी सोसला. पण नातीची पत्रिका त्या माउलीने पहिल्यांदा हातात घेतली आणि तिला आधी चूक दिसली, हे मनातून जात नाही.

नंतर तपासलं. जे चं बटण, म्हणजे आपला र, मधूनच एकदा दाबलं तरी दोनदा उमटतं. काना दोनदा पडला तर पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ येतं, लगेच दिसतं. र मात्र गुपचूप शब्दात मिसळून जातो.

कीबोर्ड मेकॅनिकल आहे, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला, चार वर्षांचा. माउस लॉजिटेकचा एमएक्स मास्टर ३, २०२१ मध्ये घेतलेला, त्याची काही तक्रार नाही. पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, दोन्ही बदलून टाक, नवीन आवृत्त्या आल्यात. कीबोर्डच्या नव्या आवृत्तीत बटणाचं आयुष्य ५ कोटी दाबांवरून १० कोटींवर गेलंय आणि वायरलेसवर १००० हर्ट्झ मिळतं. माउसमध्ये ३ नंतर ३एस आला, त्याचा सेन्सर ४००० डीपीआयचा ८००० झाला, क्लिकचा आवाज कमी झाला. दोन्ही घ्यायचे तर वीस हजारांच्या घरात जातं. लग्नसराईत चार पैसे गाठीला लागतात, त्यातले हे वीस हजार.

पत्रिकेत पुन्हा अशी चूक होणार नसेल तर मी काढीनही. पण ह्या आकड्यांनी ती चूक थांबेल का? कुणी अशा लहान सुधारणेसाठी बदल केला असेल तर खरं काय ते सांगा.

पांझराकाठ (धुळे)

ताई, मना माउस सात वरीस जुना शे, आजून बी बेस चालस. घाई करू नका.

एक विचारतो, घराजवळ जिनिंग आहे का? आमच्याकडे दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की रुईचे तंतू घरभर उडतात. एकदा माउसचा पॉइंटर नाचायला लागला, मला वाटलं सेन्सर गेला. उलटा करून टॉर्च मारला तर खालच्या भोकात एकच तंतू, केसाएवढा. चिमट्याने काढला, नाचणं बंद. कीबोर्डमध्येही तसलंच काही नाही ना, ते आधी बघा.

टंकलेखन_चाळीसगाव

ताई, माझी टायपिंगची संस्था आहे. राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी ह्या संगणक टायपिंग परीक्षेची मुलं, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची. वीस मशीन, दिवसभर बटणं बडवली जातात. म्हणून हे आकडे मी कागदावर मांडून पाहिलेत. तुम्हीही पाहा.

पाच कोटी म्हणजे एका बटणाचे पाच कोटी दाब. समजा तुम्ही दिवसाला ३०,००० बटणं दाबता आणि त्यातलं दहातलं एक ई चं, म्हणजे काना. झाले दिवसाला ३,०००. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरा, वर्षाला ९ लाख. पाच कोटी भरायला ५५ वर्षं लागतील. दहा कोटींचा तुम्हाला काय उपयोग? हा हिशेब मेंब्रेनवाल्याला, म्हणजे सगळ्या बटणांखाली एकच पातळ पडदा असलेला साधा कीबोर्ड वापरणाऱ्याला, मात्र लागतो. साध्या मेंब्रेन कीबोर्डांचा आकडा बहुधा ५० लाख ते १ कोटी असतो, आणि ५० लाख म्हणजे तुमच्या हाताने साडेपाच वर्षं. माझ्या संस्थेत मेंब्रेनची पहिली तक्रार येते ती काना आणि हलंत यांच्याच बटणांची, ई आणि डी. तिथून मेकॅनिकलवर जाणं हा खरा बदल होता.

मग पाच कोटींचा स्विच चार वर्षांत दोनदा का उमटवतो? कारण तो झिजलेला नसतो. आतल्या दोन पत्र्यांच्या टेकण्यात धूळ किंवा गंज आला की दाबताना टेकतात, सुटतात, पुन्हा टेकतात. कीबोर्डाला ते दोन दाब वाटतात. दहा कोटीवाल्या नव्या स्विचातही धूळ गेली की हेच होईल.

हर्ट्झचं बघा. १२५ हर्ट्झ म्हणजे बटण दाबलंय का याची संगणकाकडून कीबोर्डाला दर ८ मिलिसेकंदांनी विचारणा, १००० म्हणजे दर १ ला. ४० शब्दांच्या वेगाने मुलगा मिनिटाला साधारण २०० बटणं दाबतो, दोन बटणांत ३०० मिलिसेकंदांचं अंतर. त्यातले ७ वाचवून पत्रिका लवकर होत नाही. खेळणाऱ्या पोरांना त्याचं अप्रूप असेल तर असो.

आता माउस. ८००० डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की पॉइंटर ८००० बिंदू जातो. १९२० बिंदू रुंदीचा पडदा तुम्ही ६ मिलिमीटरमध्ये ओलांडाल. वेलांटीशेजारचा अनुस्वार असा पकडता येईल का? कोरलमध्ये बारीक काम करणारी माणसं हजाराच्या आसपासच ठेवतात. ४००० सुद्धा तुम्ही कधी लावलं नसेल.

आता जी गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते ती सांगतो, कारण तीच मला महागात पडली. नवीन कीबोर्ड घेताना एंटरचं बटण बघा. आपल्या इनस्क्रिप्टमध्ये अर्धचंद्राचा काना (ॉ) बॅकस्लॅशवर आहे, ट अवतरणचिन्हावर, च अर्धविरामावर, ड चौकटी कंसावर, य तिरप्या रेघेवर. इंग्रजीवाला ह्या कडेच्या बटणांना दिवसातून चारदा हात लावतो, आपण दर ओळीला लावतो. मोठ्या एंटरचा कीबोर्ड आणला की बॅकस्लॅश दुसरीकडे सरकतो. मी एकदा दहा आणले, 'तोच, फक्त नवीन आवृत्ती' असं ऐकून. महिनाभर मुलांचं 'डॉक्टर' आणि 'कॉलेज' जमेना. शेवटी ते दहाही इंग्रजीच्या बॅचला दिले. २०२४ पासून नव्या लॅपटॉपांवर कोपायलटचं (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचं) बटण येऊ लागलंय, ते बऱ्याचदा उजव्या कंट्रोलच्या जागी असतं. तुम्हाला उजवा कंट्रोल लागत असेल तर तेही तपासा.

तुमचा कीबोर्ड हॉट-स्वॅप आहे का? म्हणजे स्विच सोल्डरिंगशिवाय उपटून निघतो का? निघत असेल तर जे आणि क्यू यांचे स्विच आपसात बदला. भाषा इंग्रजी करा, नोटपॅड उघडा, एका नव्या ओळीवर ते बटण बरोबर शंभर वेळा दाबा. खालच्या पट्टीत कॉलम १०१ दिसला पाहिजे. दोष जे वरून क्यू वर गेला तर स्विच बदला, वीस-तीस रुपयांचं काम. जे वरच राहिला तर बोर्ड बिघडलाय, मग नव्याचा विचार करा.

बोरीकाठची (अमळनेर)

दादा, इतकं सविस्तर कुणी दुकानात सांगत नाही. हॉट-स्वॅप आहे, कॅप आणि स्विच काढायचा चिमटा खोक्यात होता एवढं आठवतं. खोका माळ्यावर आहे, काढते.

ॉ चं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भाच्याने पाठवलेला फोटो आत्ता मोठा करून पाहिला. एंटर उभा, मोठा आहे आणि बॅकस्लॅश डाव्या शिफ्टच्या शेजारी गेलाय. अकरा वर्षं उजव्या करंगळीला सवय आहे. 'तोच कीबोर्ड' कसा म्हणायचा ह्याला?

पांझराकाठच्या दादांना सांगायचं राहिलं, जिनिंग आमच्या घरासमोरच आहे.

केळीबाग_रावेर

मी थोडं वेगळं सांगते. मी ३ वरून ३एस घेतला आणि मला पश्चात्ताप नाही. डीपीआयसाठी नाही घेतला, क्लिकसाठी घेतला. केळी गटाचे हिशेब आणि पीकविम्याचे अर्ज मी रात्री करते, बाळ त्याच खोलीत झोपतं. जुन्या माउसच्या टकटकीने ते दचकून उठायचं. कंपनी म्हणते आवाज ९० टक्के कमी. मोजायला माझ्याकडे काही नाही, पण बाळ झोपलेलं राहतं. माझ्यापुरता हा मोठा बदल आहे.

पण एक अडचण आली ती सांगते. ३ चा छोटा रिसीव्हर युनिफाइंग आणि ३एस चा बोल्ट, दोन्ही एकमेकांना चालत नाहीत. माझा जुना कीबोर्ड युनिफाइंगवर होता, म्हणजे लॅपटॉपला दोन रिसीव्हर लागले आणि पेन ड्राइव्हला जागाच उरली नाही. शेवटी माउस ब्लूटूथवर घेतला. ताई, तुमच्याकडे गिऱ्हाइकं पेन ड्राइव्ह घेऊन येत असतील, तेव्हा हे धरून चाला. आणि २०२५ मध्ये एमएक्स मास्टर ४ सुद्धा आलाय, अंगठ्याखाली थरथर जाणवणारा. आता ३एस पूर्ण किमतीला घेऊ नका.

बोरीकाठची (अमळनेर)

काय झालं ते सांगायला आले.

जे ची कॅप काढली तर खाली रुईची छोटी वात. समईत लावावी एवढी. ई, डी, के, सगळ्यांखाली थोडी थोडी होती. ब्रशने काढली, ब्लोअर मारला. तरी र दोनदा पडलाच. मग जे आणि क्यू बदलले. जे वर शंभर दाब, कॉलम १०१. क्यू वर शंभर दाब, कॉलम १०४. तीनदा मोजलं, मुलाला शेजारी बसवून, तो मोठ्याने आकडे म्हणत होता.

खोक्याच्या तळाशी प्लास्टिकच्या पुडीत दोन जादा स्विच निघाले, चार वर्षं तिथेच होते. एक बसवला. आता जे वर तीनशे दाब दिले, ३०१.

कीबोर्ड घेत नाहीये. माउसही नाही. माझी कामाची खोली वेगळी आहे, टकटकीने कुणी उठत नाही. रावेरच्या ताईंच्या जागी असते तर घेतला असता. भाच्याला एंटरचा फोटो लाल गोल करून परत पाठवलाय.

टंकलेखन दादा, एकच विचारायचं राहिलं. ई आणि डी वरची अक्षरं पुसली गेलीत. मला बघायला लागत नाहीत, पण मुलगा आता इनस्क्रिप्ट शिकतोय. नुसत्या कॅप सुट्या मिळतात का, आणि कुठल्या टिकतात?

टंकलेखन_चाळीसगाव

मिळतात. पीबीटी प्लास्टिकच्या घ्या, एबीएस हे दुसरं प्लास्टिक घासून लवकर चकचकीत होतं. अक्षर वरून छापलेलं नको, दोन रंगांचं प्लास्टिक एकात एक ओतलेलं, डबल-शॉट म्हणतात ते मागा. त्यातलं अक्षर आरपार असतं, पुसलं जात नाही. आणि सेट मागवताना एंटर आडवा लिहा, उभा येऊ देऊ नका.

मुलगा शिकतोय म्हणता तर त्याला पहिले आठ दिवस मधलीच ओळ द्या.