प्रति: टांझानियाने भाषेचा प्रश्न सोडवला?

‘न्येरेरेंनी स्वाहिली आणली आणि टांझानियात इंग्रजीचं भूत उतरलं’ हे म्हणणं सातवीपर्यंतच खरं आहे. न्येरेरे म्हणजे टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, आणि स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेत सर्वत्र चालणारी भाषा. १९६७ नंतर प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आलं, पण सरकारी शाळेतही फॉर्म वनपासून, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षापासून, स्वाहिली विषय सोडला तर जवळजवळ सगळं इंग्रजीतच. सातवीची परीक्षा स्वाहिलीत देऊन आलेल्या पोरापुढे थेट इंग्रजी जीवशास्त्र येतं. सुरुवातीला इंग्रजीचा छोटा वर्ग घेतात, तो कुठे पुरणार! मग फळ्यावर टिपणं इंग्रजीत, समजावणं स्वाहिलीत, आणि पोरं टिपणं घोकतात. आकृतीला नावं देणं जमतं. ‘कारण लिहा’ आलं की पेपर कोरा. तोंडी विचारा, तेच उत्तर स्वाहिलीत धडाधड येईल.

२०१४ च्या धोरणाने माध्यमिकला स्वाहिलीची मुभा दिली, पण फॉर्म फोरची, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षाची परीक्षा इंग्रजीतच राहिली. परीक्षा बदलल्याशिवाय शिक्षक कशाला बदलतील? ऐपत असलेले पालक म्हणूनच मुलांना पहिलीपासून खासगी इंग्रजी शाळेत घालतात. आजोबा सुकुमा ही स्थानिक भाषा बोलणारे, वडिलांना स्वाहिलीचा अभिमान आणि नातवाची फी इंग्रजीसाठी, अशी घरं टांझानियाच्या दार-एस-सलाम या मोठ्या शहरात नवलाची नाहीत.