पॅडल, पेडल, पायडल आणि वल्हं

एका जलक्रीडा केंद्राच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. त्यात 'पॅडल' चार जागी आलंय : कयाकचं (लांब, अरुंद होडीचं) पॅडल, फळीवर उभं राहून मारायचं पॅडल, पॅडल बोट आणि लहान मुलांसाठी पॅडलिंग पूल. सगळीकडे 'वल्हं' लिहिलं तर मुलांच्या हौदात वल्ही कुठून आली, असं कुणीही विचारेल. जाणकारांनी सुचवावं.

———

ताई, पहिल्या दोन जागी बिनधास्त 'वल्हं' लिहा. इंग्रजीत ओअर आणि पॅडल ही दोन वेगळी हत्यारं आहेत. ओअर नावेच्या काठावर कडीत किंवा खुंटीला अडकवलेलं असतं आणि वल्हवणारा जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. पॅडल कुठेच अडकवलेलं नसतं, दोन्ही हातांत धरायचं, तोंड पुढे. आपल्याकडे दोन्हीला वल्हंच, आणि होडी चालवणाऱ्यांचं त्यावाचून काही अडलं नाही.

अडलं ते खेळाच्या पानावर. ऑलिंपिकमध्ये रोइंग वेगळा खेळ, कनू-कयाकिंग वेगळा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 मध्ये रिओला सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी त्याला 'नौकानयनपटू' म्हटलं. स्कल्स म्हणजे एकट्याने दोन वल्ही, दोन्ही अडकवलेली, पाठ पुढे. पण शिडाची बोट हाकणाराही नौकानयनपटू, आणि कयाकवालाही तोच! नौकानयन हा शब्द मला मुळातच सरकारी वाटतो, पण ते असो. माहितीपत्रकात फरक दाखवायचाच असेल तर अडकवलेलं ते नुसतं वल्हं आणि हातातलं ते 'सुटं वल्हं' म्हणा. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात, ते 'दुपाती वल्हं'. हे माझे शब्द आहेत, कोशात शोधू नका. पण वाचणाऱ्याला समजावून सांगावे लागणार नाहीत.

मुलांच्या हौदातलं पॅडल मात्र निराळंच आहे. उथळ पाण्यात पाय आपटत, पाणी उडवत चालणं हा तो अर्थ, आणि व्युत्पत्तिकार तो शब्द वल्ह्याच्या पॅडलपासून वेगळा धरतात. वल्ह्याचं पॅडल तर आधी शेतात होतं : नांगराच्या फाळाला चिकटलेली माती खरवडायची छोटी फावडी. ती सतराव्या शतकात होडीत चढली. तेव्हा तिथे 'डुंबायचा हौद' लिहून मोकळ्या व्हा.

———

पॅडल बोटीचं राहिलं की! महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर पायाने चालवायच्या बोटी असतात, तीच ना ही? मग ती पेडल बोट. पॅडल म्हणणं चूक आहे.

———

चूक आहे असं छातीठोक म्हणवत नाही. त्या बोटीत बसल्यावर पायाखाली काय असतं? सायकलसारखी पेडलं. ती फिरवली की मागे किंवा मध्ये एक चाक फिरतं, त्याला पाती असतात, आणि ती पाती पाणी मागे ढकलतात. इंग्रजीत त्या चाकाला पॅडल व्हील म्हणतात. म्हणजे वर पेडल आहे, खाली पॅडल आहे, आणि पाटी रंगवणाऱ्याने जे लिहिलं ते दोन्ही बाजूंनी खरं. (काही बोटींत चाकाऐवजी पंखा असतो. तिथे तुमचं म्हणणं बरोबर.)

पात्यांच्या चाकाचा मुंबईशी जुना संबंध आहे. 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईच्या गोदीत बांधली गेली आणि 20 मार्च 1830 रोजी सुएझकडे निघाली. मळसूत्री पंखा तेव्हा रुळायचा होता, ही बोट दोन्ही बाजूंच्या चाकांवर चालायची. कोळसा एडनपर्यंत पुरला पाहिजे म्हणून तो केबिनींमध्येसुद्धा भरला होता.

आणि पेडलचं म्हणाल तर मराठीने त्याचं केव्हाच 'पायडल' करून टाकलंय. सायकलच्या दुकानात जाऊन 'डाव्या बाजूचं पेडल बदला' म्हणा, कारागीर 'पायडल का?' असं विचारून घेईल. शिकलेले लोक या शब्दाला हसतात, पण तो बघा कसा जमलाय. पेडल लॅटिनमधल्या 'पाऊल' या अर्थाच्या शब्दावरून आलं. तो शब्द आणि संस्कृत पाद हे एकाच मुळाचे, आणि पादाचा मराठीत झाला पाय. सायकलवाल्यांनी कोश न उघडता शब्द माहेरी आणून सोडला. मी तर 'पायडल बोट' लिहीन.

———

मध्येच तोंड घालतो. मी मडक्यांच्या खापरांवर काम करतो, आमच्याकडे पॅडल हा शब्द रोजचा. कुंभार कच्च्या मडक्याच्या आत एका हाताने दगडाचा किंवा भाजक्या मातीचा गोळा धरतो आणि बाहेरून लाकडी फळीने ठोकत भिंत पातळ करतो. इंग्रजी अहवालांत त्या फळीला पॅडल म्हणतात. मराठीत ते 'थापटणं'. एका विद्यार्थ्याने अहवालात 'वल्हे' लिहिलं होतं! कोशात पॅडलसमोर तेच सापडलं असणार, त्याला तरी काय बोलायचं.

———

वा, दादा, हेच हवं होतं. थापटणं, कपडे बडवायचं धोपटणं, जमीन चोपायचं चोपणं, तव्यावरचं उलथणं. इंग्रजी माणूस यांतल्या बहुतेकांना पॅडल म्हणून मोकळा होईल, कारण तो आकार बघतो : दांडा आणि पुढे चपटं पातं. आपण बघतो ते काम. लाटायचं ते लाटणं, गाळायचं ते गाळणं. क्रियापद तेच आणि हत्याराचं नावही तेच. म्हणून पॅडलला एक मराठी शब्द मिळणारच नाही, आणि शोधूही नये. त्या वस्तूने काय करतात ते विचारायचं, शब्द आपोआप हाती लागतो.

अपवाद जीवशास्त्राचा, कारण तिथे खरोखरच वल्हवणं चालतं. चिंबोरीच्या पायांची शेवटची जोडी टोकाला चपटी असते, ती पोहायला. तिला 'वल्ह्यासारखे पाय' म्हटलं की चित्र उभं राहतं.

———

आणि खेळातली पॅडलं? टेबल टेनिसचं, पिकलबॉलचं?

———

टेबल टेनिसला आपण बॅट म्हणतो, नियमपुस्तक रॅकेट म्हणतं, अमेरिकेत पॅडल म्हणतात. बॅटच ठेवा. पिकलबॉल, म्हणजे जाळीवरून चेंडू मारायचा टेनिससारखा खेळ, 1965 साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर निघाला, तिथला अधिकृत शब्दच पॅडल. तो खेळ भारतात रुजवला तो मुंबईच्या सुनील वालावलकरांनी, आणि खेळाबरोबर शब्दही आला. आता त्याला बॅट म्हटलंत तर खेळणारे दुरुस्त करतील.

खरा घोळ 'पॅडेल'चा आहे. काचेच्या भिंतींत खेळतात तो, 1969 मध्ये मेक्सिकोत एन्रिके कोर्कुएरा यांनी सुरू केलेला. ते इंग्रजी पॅडलचंच स्पॅनिश रूप, पण आता स्वतंत्र खेळाचं नाव. बातमीत 'पॅडल स्पर्धा' छापलं की पिकलबॉल, पॅडेल की होड्यांची शर्यत, काही कळत नाही. एक मात्रा वाचवून काय मिळवतात देव जाणे.

क्रिकेटमधला पॅडल स्वीप तसाच राहू द्या. बॅट आडवी करून, जोर न लावता, चेंडू लेगला यष्टीमागे सारायचा. सचिनने तो इतक्यांदा खेळून दाखवलाय की भाषांतराची गरज संपली. लिलावात बोली लावायला वर करतात ती 'पाटी', तिथे पॅडल कशाला? गाडीच्या स्टीअरिंगमागे बोटांनी गिअर बदलायचे ते पॅडल शिफ्टर. त्याला मात्र पेडल लिहू नका, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर खाली पायाशीच आहेत आणि वाचणारा तिकडेच बघेल.

———

सर्वांचे आभार. माहितीपत्रकात 'सुटं वल्हं', 'दुपाती वल्हं' आणि 'डुंबायचा हौद' मान्य झालं. 'पायडल बोट' मालकांनी खोडलं. तिकिटांच्या पुस्तकांवर आधीच 'पॅडल बोट' छापलंय म्हणे.

———

मग तेच ठेवा. चाक तर फिरतंच आहे खाली.