फेसबुक-इन्स्टाचा कंटाळा आलाय? सोडताना नेमकं काय करावं लागतं : अनुभव धागा

धागाकर्ती : ओसरी
दहा मिनिटं फीड सरकवली तरी ओळखीचं एक नाव दिसत नाही, ही तक्रार हल्ली सगळीकडे ऐकू येते. हे सगळं कशासाठी, यावर वाद घालून झालेत. इथे फक्त व्यवहाराचं लिहा : काय करायचं, कुठे अडतं, काय हातचं जातं. 'सोडल्यापासून किती छान वाटतंय' याला हा धागा नाही.

खडूफळा
आधी कंटाळा कशाचा आलाय ते तपासा. २००६ साली फेसबुकवर न्यूज फीड आली तेव्हा तिच्यात मित्रांच्याच हालचाली असत. २०१६ पासून इन्स्टाने वेळेचा क्रम मोडला. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इथे इन्स्टावर रील्स सुरू झाल्या. तिथून पुढे अनोळखी लोकांचे व्हिडिओच जास्त.
चाचणी सोपी आहे. फेसबुकच्या मेनूत 'फीड्स', त्यात 'फ्रेंड्स'. इन्स्टावर वरचा लोगो दाबून 'फॉलोइंग'. आठवडाभर तेवढंच बघा. तिथेही शुकशुकाट असेल तर माणसं आधीच उठून गेलीत. (इन्स्टा ही निवड लक्षात ठेवत नाही. दर वेळी पुन्हा दाबावं लागतं. विसरभोळेपणा सोयीचा आहे त्यांच्या.)

रिकामटेकडा_पुणे
+१. माझ्या मते उरलेलं मोल फीडमध्ये नाहीच, ते ग्रुपांमध्ये आहे. बागकाम, गडकिल्ले, जुन्या यंत्रांची दुरुस्ती. तिथल्या कामाच्या पोस्ट 'सेव्ह' करून भागत नाही. तो नुसता दुवा असतो, खात्याबरोबर जातो. मजकूर कॉपी करून वहीत किंवा फाइलमध्ये घ्या. दुसऱ्यांच्या पोस्ट डाउनलोडमध्येही येत नाहीत. तुमची कमेंट येते, पण ती कशाखाली होती ते नाही. 'हो, अगदी!' अशा शंभर ओळी घेऊन करायचं काय?

जुना_संगणक
डाउनलोडबद्दल सविस्तर लिहितो, कारण मराठीत लिहिणाऱ्यांचं इथे हमखास फसतं.
सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स' या भागातून माहिती मागवायची. तीन गोष्टी बघा. तारखांत 'ऑल टाइम' निवडा, नाहीतर जुनी वर्षं गळतात. मीडिया क्वालिटी 'हाय' ठेवा. फॉरमॅट एचटीएमएल (वेबपानासारखा उघडणारा) घ्या.
जेसन फॉरमॅट (प्रोग्रामना वाचायला सोयीचा) घेतला तर देवनागरीचा चुथडा होतो. फेसबुक यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत, तीत देवनागरीच्या एका अक्षराला अनेक बाइट लागतात) मधला प्रत्येक बाइट सुटं अक्षर समजून लिहितं, त्यामुळे 'आई'च्या जागी à¤ छापाचा कचरा दिसतो. मजकूर गेलेला नसतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत प्रत्येक ओळ लॅटिन-१ (अक्षरं साठवायची जुनी, एक-बाइटी पद्धत) ने एन्कोड करून यूटीएफ-८ ने डीकोड केली की मराठी जशीच्या तशी परत येते. ज्यांना हे नको त्यांनी एचटीएमएलच घ्यावं, ब्राउझरमध्ये नीट वाचता येतं.
फाइल तयार व्हायला वेळ लागतो. तयार झाल्यावर दुवा ४ दिवसच चालतो, म्हणून गावी निघायच्या आदल्या रात्री मागवू नका. खातं मोठं असेल तर अनेक झिप येतात. सगळ्या उघडून फोटो दिसतात का ते बघा, मगच पुढे जा. हे फोटो फेसबुकने आकार आणि दर्जा कमी करून ठेवलेलेच असतात. मूळ प्रत फोनमध्ये किंवा डिस्कवर असेल तर तीच जपा. मित्रयादीत नाव आणि मैत्रीची तारीख एवढंच मिळतं. फोन नंबर आणि वाढदिवस हातानेच उतरवा.

ताक_कण्या
डिअ‍ॅक्टिव्हेट आणि डिलीट यांत गल्लत नको. डिअ‍ॅक्टिव्हेट म्हणजे खातं झोपवणं. मेसेंजर चालू राहू शकतो आणि 'फेसबुकने लॉगिन' वापरून दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये शिरलात तरी खातं जागं होतं. डिलीटला ३० दिवसांची मुदत. त्यात लॉगिन करून डिलीट रद्द करता येतं. पूर्ण पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. इन्स्टालाही ३० दिवसच, पण तिथे तात्पुरतं बंद आठवड्यातून एकदाच करता येतं.
त्याआधी सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स अँड वेबसाइट्स' उघडा. जिथे जिथे फेसबुकने लॉगिन केलंय तिथे ईमेल आणि पासवर्ड लावून घ्या, नाहीतर त्या खात्यांचंही दार बंद.

मसालेवाली
घरगुती धंदा असणाऱ्यांसाठी : पेजचे एकटे अ‍ॅडमिन तुम्हीच असाल तर खात्याबरोबर पेजही जातं. आधी घरातल्या कुणाला तरी पूर्ण ताबा द्या. दिवाळीच्या तोंडावर हा उद्योग करू नये. फराळाच्या ऑर्डरी तिथूनच येतात आणि गिऱ्हाईक नवा नंबर शोधत बसत नाही. आधी सगळी गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत घ्या. त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह असेल तरच निरोप पोचतो, हे त्यांना सांगून ठेवा.

सोसायटी_सचिव
व्हॉट्सअ‍ॅप सोडणं इथे कुणालाच जमायचं नाही. पाण्याच्या टँकरचा निरोपही तिथेच येतो. ग्रुप 'ऑल्वेज' म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, २०२१ पासून नवा मेसेज आला तरी तो वर उसळत नाही. प्रायव्हसीत 'ग्रुप्स'ला 'माय काँटॅक्ट्स' करा. मीडिया ऑटो-डाउनलोड बंद. ग्रुप सोडल्याचा निरोप आता फक्त अ‍ॅडमिनला जातो, पण जुन्या सदस्यांच्या यादीत ६० दिवस नाव दिसतं. काकांचा फोन येणारच, उत्तर तयार ठेवा.

बोरूबहाद्दर
अ‍ॅपच्या वापराला टायमर लावणाऱ्यांसाठी दोन ओळी. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमधला टायमर स्वतःच काढता येतो, मध्यरात्री शून्यावरही येतो. त्यापेक्षा अ‍ॅप काढून ब्राउझरमधून लॉगिन करा आणि पासवर्ड सेव्ह करू नका. आयफोनवर स्क्रीन टाइमचा पासकोड दुसऱ्याला टाकायला लावा, आणि 'ब्लॉक अ‍ॅट एंड ऑफ लिमिट' चालू करा. ते बंद असेल तर 'इग्नोर लिमिट' दाबून सगळे पसार. यूट्यूबवर वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसली की मुख्य पान रिकामं होतं, जे हवं ते शोधूनच बघावं लागतं.

ओसरी
जुना_संगणक, दोन-तीन मराठी ओळींवर ते डीकोडचं करून इथे टाकता का? जेसन घेऊन बसलेले बरेच जण असतील.