टिएबेलेच्या भिंती आणि आपली कंपाउंड वॉल

बी-२०३: मी ग्रुपवर टाकलेल्या नक्षीदार घरांच्या फोटोतलं गाव टिएबेले. बुर्किना फासोच्या दक्षिणेला, घानाच्या सीमेजवळ. घरं कासेना लोकांची. तिथला राजवाडा २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. आपल्या सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर असं काही करता येईल का?

ए-१०४: ताई, नक्षी घेता येईल. तंत्र मात्र मातीच्या भिंतीचं आहे. तिथे घर बांधतात पुरुष आणि रंगवतात बायका, सगळ्या मिळून, पावसाच्या आधी. माती-शेणाचं सारवण करून त्यावर जांभ्याचा तांबडा, चिनी मातीचा पांढरा आणि ग्रॅफाइटचा काळा. मग गुळगुळीत गोट्याने घोटायचं. शेवटी नेरे झाडाच्या शेंगा उकळून त्याचा काढा मारतात, तेच वार्निश.

सी-५०१: घोटायची वेळ महत्त्वाची. ओल्यावर गोटा फिरवला तर रंग ओढला जातो, कडक सुकल्यावर फिरवला तर थर दबत नाही आणि हाताला भुकटी लागते. बोटाचा ठसा उमटत नाही पण भिंत अजून गार लागते, तेव्हा घोटावं.

बी-२०३: काका, पावसात टिकतं?

ए-१०४: काही वर्षं. पायाशी पाणी उडतं तिथे आधी झिजतं, मग पुन्हा सारवण. थोरल्या बायकांच्या हाताखाली मुली शिकतात ते याच कामात. मला तर नक्षीपेक्षा हेच मोठं वाटतं.

सचिव: मग आपण माती वापरायची?

सी-५०१: नको हो. सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्यावर माती धरत नाही, पहिल्या पावसात पापुद्रे सुटतील. एक्स्टिरियर ॲक्रिलिकच घ्या. पार्किंगकडचा गिलावा नवा आहे, त्याला २८ दिवस द्या. जिथे लोणा, म्हणजे ओलीमुळे पांढरे क्षार, आलाय तिथे नुसतं खरवडून भागणार नाही, आधी ओल बंद करा. नाहीतर प्राइमरसकट रंग फुगेल. भिंतीच्या माथ्यावर उताराचं कोपिंग, म्हणजे वरचं झाकण, हवंच, पाणी तिथूनच शिरतं.

बी-२०३: कडेला ती निळी-गुलाबी भौमितिक बॉर्डर घेऊ का? मुलांना आवडेल.

ए-१०४: ती एन्देबेले लोकांची, दक्षिण आफ्रिकेतली. दोन्ही एका भिंतीवर नकोत. अख्ख्या खंडाची एक नक्षी नसते. तांबडा, काळा, पांढरा एवढंच ठेवू. कासेना नक्षीतले फुटक्या भोपळ्याच्या तुकड्यांचे त्रिकोण घेऊ, मुलांनाही जमतील. अजगर, मगर यांना तिथे श्रद्धेचा अर्थ आहे, ते सोडू. आणि कोपऱ्यात ‘कासेना, टिएबेले’ असं स्पष्ट लिहू.

सचिव: ठीक. कोपिंगचं कोटेशन आधी मागवतो. त्रिकोणांच्या रेषा दोरीला खडू लावून मारू. रंग दिवाळीनंतर.