मागच्या अंगणातली लाकडी रिटेनिंग वॉल झुकलीय, घरच्या घरी नवी बांधायचीय

परसबागवाली:
मंडळी, आमच्या मागच्या अंगणात लाकडी रिटेनिंग वॉल आहे, म्हणजे वरची माती अडवून धरणारी भिंत, आधीच्या मालकांनी बांधलेली. लांबी साधारण ९ मीटर, एका टोकाला गुडघ्याएवढी आणि दुसरीकडे जवळजवळ सव्वा मीटर. मधोमध चांगलंच पोट आलंय, जोराचा पाऊस झाला की अजून थोडी पुढे आल्यासारखी वाटते, आणि खांब बरोब्बर जमिनीलगत कुजलेत, पहार टोचली तर सरळ आत जाते. आता घरातलेच सगळे मिळून नवी बांधू म्हणतोय, मी, नवरा, दीर आणि कॉलेजातली दोन पोरं. नवऱ्याचं म्हणणं जुन्याच खड्ड्यांत नवे खांब रोवू, दीर म्हणतात जाडे खांब घेतले की काम झालं, आणि सासऱ्यांचं एकच पालुपद, लाकूड नकोच. मला विचारायचंय की खांब किती खोल जायला हवेत, मागे भोकांचा पाइप टाकतात तो खरंच लागतो का, आणि निघालेल्या फळ्यांचे भाजीचे वाफे करू का? टाकवत नाहीत हो.

ओळंबा:
ताई, खांब नंतर. जुनी भिंत काढताना तिच्या मागे काय निघतं ते आधी बघा. नुसती माती फळ्यांना चिकटून असेल, खडी नाही पाइप नाही, तर पोट कशाने आलं ते तिथेच कळलं. भिंतीला ढकलतं ते मुख्यतः पाणी. कोरडी माती स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश दाब आडवा टाकते, पाणी मात्र पूर्ण वजनाने दाबतं, त्यामुळे मागे वरपर्यंत पाणी तुंबलं की तळाशी दाब साधारण दुप्पट होतो. म्हणजे दिरांनी जाडे खांब आणले तरी पाण्याला वाट नसेल तर पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

तर पाइप लागतोच. तळाला १०० मिमीचा भोकांचा पाइप, एका बाजूला हलका उतार देऊन, त्याच्याभोवती आणि वर साधारण ३० सेमी रुंदीची स्वच्छ खडी, आणि खडी व माती यांच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. कापड विसरलात तर बारीक माती हळूहळू खडीत शिरते आणि ती चोंदते. खडी अगदी वरपर्यंत आणू नका, वरचे १५-२० सेमी मातीने बंद करा म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी थेट आत उतरणार नाही.

खोली: वर जेवढी भिंत, तेवढाच खांब जमिनीत, हा ढोबळ नियम. माती मऊ असेल तर त्याहून जास्त. खांबांत अंतर १ ते १.२ मीटर, आणि ते मागे किंचित कललेले ठेवा, मातीचा भार आला की ते थोडे पुढे येतातच. आणखी एक, खांब पुढच्या बाजूला आणि फळ्या त्यांच्या मागे. मग माती फळ्यांना खांबांवर दाबते. उलटं केलंत तर सगळा भार स्क्रूंवर.

दगडधोंडा:
सासऱ्यांचं ऐका. एवढी मेहनत करायचीच तर तारेच्या जाळ्यांत दगड भरा नाहीतर ब्लॉक लावा, जाळ्यांतून पाणी आपोआप निघून जातं आणि कुजायची भानगडच नाही. लाकूड आज ना उद्या जाणारच.

शनिवारचा_सुतार:
जातं, पण नीट ट्रीट केलेलं, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड असेल तर चांगली वीसेक वर्षं सहज टिकतं, आणि दगडाच्या जाळ्यांना जागा केवढी लागते? तळाला मीटरभर रुंदी धरा, लहान अंगणात ती आणायची कुठून.

ताई, जुन्या खड्ड्यांचा नाद सोडा. ती काँक्रीटची ढेकळं उपसण्यात सगळ्यांच्या कंबरा जातील. दोन जुन्या खांबांच्या बरोब्बर मधे नवे खड्डे घ्या, ढेकळं राहू देत जमिनीत. फक्त फळ्यांचे सांधे नव्या खांबांवरच येतील असं आधी मोजून घ्या.

लाकूड घेताना 'ग्राउंड कॉन्टॅक्ट'साठी, म्हणजे मातीत राहण्यासाठी ट्रीट केलेलंच मागा, कुंपणाचं वेगळं असतं, दिसायला सारखंच. औषध पार गाभ्यापर्यंत पोचतंच असं नाही, म्हणून कापलेल्या टोकाला कॉपरवालं प्रिझर्वेटिव्ह ब्रशने लावायचं आणि कापलेलं टोक जमिनीत न घालता वर ठेवायचं. खड्ड्याच्या तळाशी वीतभर खडी, काँक्रीट जमिनीच्या जरा वर आणून खांबापासून बाहेरच्या बाजूला उतरतं करा. तुमचे खांब जिथे कुजले ना, तिथेच ओल आणि हवा दोन्ही मिळतात, म्हणून उतार महत्त्वाचा. स्क्रू हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा जाड थर दिलेले) नाहीतर स्टेनलेस, कारण तांब्याचं औषध साध्या लोखंडाला खातं.

वाफ्यांचं नको. जुन्या फळ्यांत तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं औषध असण्याची बरीच शक्यता आहे. शेकोटीतही घालू नका, धूर आणि राख दोन्ही विषारी. कापताना मास्क, आणि टाकायचं कुठे ते कचरा खात्याला विचारा.

परसबागवाली:
बापरे, शेकोटीचाच बेत होता पोरांचा! थँक्यू दोघांना. एक सांगायचं राहिलं, उंच टोकाच्या मागे साधारण मीटरभरावर सामानाची शेड आहे, विटांची, भरपूर सामान असतं. त्याने काही फरक पडतो का?

ओळंबा:
पडतो, बराच पडतो. भिंतीच्या पायापासून मागे ४५ अंशात वर जाणारी रेघ मनात ओढा. सव्वा मीटर उंचीला ती सव्वा मीटर मागे वर येते, म्हणजे तुमची शेड रेघेच्या आत. तिचं वजन भिंतीवर येतंय, आणि खणताना तिच्याच खालची माती मोकळी होणार. शिवाय उंची दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण जोर चौपट होतो, त्यामुळे गुडघ्याएवढ्या टोकाचा हिशोब त्या टोकाला लावू नका. तो भाग इंजिनिअरला दाखवा. तसंही मीटरभराच्या आसपास उंची गेली की पुष्कळ ठिकाणी परवानगी लागते, आधी चौकशी करा. तोवर शेड रिकामी करून ठेवा.

शनिवारचा_सुतार:
+१. बुटका भाग मात्र तुम्ही खुशाल करा. पण सगळी भिंत एकदम उतरवायची नाही हं, दोन-तीन मीटरचा तुकडा काढायचा, बांधायचा, भरायचा, मग पुढचा. उघड्या कापाखाली कोणी बसून काम करायचं नाही, पोरांना बजावून सांगा, एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. आणि खणायच्या आधी वीज, गॅस, पाण्याच्या लाइन कुठून गेल्यात ते काढून घ्या. माती भरताना १५-२० सेमीचे थर करून हाताने धुमस मारा, भिंतीलगत यंत्र नको.

परसबागवाली:
इंजिनिअरला फोन करते, बुटक्या टोकापासून सुरू करू. नवरा विचारतोय पाइपचं तोंड कुठे सोडायचं, खालच्या बाजूला शेजाऱ्यांचं कुंपण आहे.

ओळंबा:
शेजाऱ्यांकडे अजिबात नको, भांडणाला आमंत्रण. पावसाच्या पाण्याच्या लाइनला जोडता येतं का विचारा, नाहीतर आपल्याच हद्दीत, भिंतीपासून दूर, खडीच्या खड्ड्यात सोडा. वरच्या टोकाला एक उभा पाइप झाकणासकट ठेवा, कधी तुंबला तर होज घालून धुता येईल.