मे महिन्यात पित्त, डिसेंबरात वात, आता कफ: माझी प्रकृती नेमकी कोणती?

इतवारी_हिशेबनीस
नमस्कार मंडळी. नागपुरात इतवारीत ठोक किराण्याच्या दुकानात हिशेब बघतो, वय ३९. मे महिन्यात वस्तीत शिबिर होतं. तिथे छापील कागदावर खुणा करून घेतल्या, पित्त निघालं. डिसेंबरात मोबाइलवरच्या प्रश्नावलीने वात सांगितला. मागच्या आठवड्यात एका ठिकाणी जिना चढून गेलो, बसलो तोच त्यांनी नाडी धरली, कफ म्हणाले आणि भात, दही, केळी बंद करायला लावली.

अंगाने काटकुळा आहे, हातावरच्या शिरा दिसतात, टाचा फाटतात. पण ऊन तापलं की छातीत जळजळ आणि डोळ्यांची आग. आम्ही मूळचे भंडाऱ्याचे, भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. प्रकृती जन्मापासून एकच असते ना? मग यातली कोणती धरून चालू?

वैद्य_सक्करदरा
भाऊ, प्रकृती एकच असते, हे बरोबर. गर्भधारणेच्या वेळी दोषांचा, म्हणजे वात, पित्त, कफ यांचा, जो जोर असतो त्यावरून ती ठरते आणि जन्मभर राहते, असं सुश्रुत सांगतो. बदलते ती विकृती, म्हणजे सध्या बिघडलेलं काय ते. तुमच्या दोन्ही प्रश्नावल्यांनी तुम्हाला आजचं विचारलं आणि उत्तराला नाव प्रकृतीचं दिलं, असं मला दिसतं.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या घरात असताना "घाम फार येतो का, आग होते का, तहान लागते का" असं विचारलं तर महालापासून मानेवाड्यापर्यंत कोण नाही म्हणेल? शास्त्रात तर ग्रीष्म हा वात साठण्याचा काळ, पित्ताचा प्रकोप शरदात, आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात. डिसेंबरात कोरड्या थंडीने सगळ्यांचीच कातडी तडतडते, की लागल्या खुणा वाताच्या रकान्यात.

नाडीबद्दल स्पष्ट बोलते, कारण यात लोकांची फार दिशाभूल होते. चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचं असं वर्णन नाही. ते त्यांच्या नंतरच्या शार्ङ्गधर संहितेत येतं: वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी उड्या घेणारी, कफाची हंसासारखी संथ. ही नाडी आत्ताची अवस्था सांगते. जेवण झालेलं, धावपळ करून आलेलं, तहानलेलं माणूस असेल तर नाडी बघू नये असा दंडक आहे. जिना चढल्याबरोबर धरलेल्या नाडीवरून जन्माची प्रकृती ठरवणं मला मुळीच मान्य नाही.

मी कसं बघते ते सांगते. माणूस खुर्चीवर बसतो तेव्हाच गुडघे वाजतात का, बोलताना भुवया, बोटं, पाय स्वस्थ आहेत का, हे बघून घेते. चरकाच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात दोषाच्या एकेका गुणाला एकेक लक्षण जोडलं आहे: वाताच्या चल गुणामुळे डोळे-भुवया-हातपाय अस्थिर, शीत गुणामुळे थंडी सोसत नाही, पित्ताच्या उष्णतेमुळे केस लवकर पिकतात, सुरकुत्या लवकर पडतात. मग मनगटाच्या वर, उन्हाने न रापलेल्या भागावर हात फिरवून कातडी बघते.

भुकेचा प्रश्न "भूक कशी आहे" असा विचारत नाही. "दहावीत होतात तेव्हा शाळेतून आल्यावर जेवायला उशीर झाला तर काय व्हायचं?" असं विचारते. पित्ताचं माणूस सांगतं, डोकं चढायचं, आईवर ओरडायचो. कफाचं म्हणतं, काहीच नाही. वाताचं म्हणतं, कधी विसरून जायचो, कधी रडू यायचं. त्याचा अग्नीच, म्हणजे पचनाची ताकद, विषम: कधी जास्त, कधी कमी. मग कोठा, म्हणजे पोट साफ होण्याची सवय: रात्री गरम दूध, मनुका घेतल्या की सकाळी पोट साफ होतं ते मृदू कोष्ठाचं (हलक्या कोठ्याचं), बहुधा पित्ताचं. काहीच फरक पडत नाही तो क्रूर कोष्ठ (जड कोठा), वाताचा.

भाताचं म्हणाल तर चरकाने रुग्ण तपासायचे दहा मुद्दे दिलेत. प्रकृती, विकृती यांच्यासोबत सात्म्यही त्यात आहे, म्हणजे अंगवळणी पडलेलं अन्न. काटकुळ्या भंडारेकराचा भात असा सरसकट तोडू नये.

जीवरसायन_शिक्षक
ताईंच्या उत्तरात एक भर. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या सहभागाने २०१५ साली एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३,४१६ निरोगी पुरुष तपासले आणि एकच दोष ६० टक्क्यांहून ठळक असलेले २६२ निवडले. पीजीएम१ या जनुकाचा पित्त प्रकृतीशी संबंध दिसला. मला महत्त्वाचा वाटतो तो निवडीचा आकडा. बहुतेक माणसं मिश्र, त्यामुळे प्रश्नावलीत दोनचार खुणा इकडच्या तिकडे झाल्या की निकाल उलटतो.

आणि भाऊ, जळजळ वारंवार होत असेल, वजन उतरत असेल, घास अडकत असेल किंवा शौच काळं होत असेल तर प्रकृतीचं नंतर बघा, आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

इतवारी_हिशेबनीस
सर, वजन आहे तेवढंच आहे, बाकीचंही काही नाही. जळजळ तिखटजाळ सावजी रस्सा खाल्ला की किंवा दुकानात दुपारचं जेवण चार वाजेपर्यंत लांबलं की होते. आईला विचारलं. ती म्हणते, लहानपणी कधी दोन पोळ्या तर कधी ताट तसंच ठेवायचा, झोपेत बडबडायचा, थंडीत सगळ्यांआधी गोधडी मागायचा. केस पिकले नाहीत अजून. दूध पिऊन पोट कधीच साफ झालं नाही.

वैद्य_सक्करदरा
आईंनी माझं निम्मं काम केलं. लिहिल्यावरून तरी वातप्रधान वाटता. पित्त सोबतीला आहे की नुसतं उशिराच्या जेवणाने आणि तिखटाने चाळवलं आहे, ते हात लावून बघितल्याशिवाय सांगणार नाही. शास्त्रात प्रकार सात आहेत: एकेका दोषाचे तीन, दोन-दोनचे तीन आणि एक सम, म्हणजे तिन्ही सारखे असलेला. तुमचा प्रश्न एकदोषज (एकाच दोषाची) की द्वंद्वज (दोन दोषांची) एवढाच उरला आहे.

तोवर दुपारी एकच्या आत जेवा. डबा दुकानात गल्ल्याजवळच ठेवा. भात गरम, वर चमचाभर तूप. रस्सा जळजळ थांबेपर्यंत नको. ज्यांच्याकडे दाखवाल त्यांच्याकडे सकाळी उपाशीपोटी जा, आधी थोडा वेळ स्वस्थ बसा, अंगाला तेल लावून जाऊ नका, आणि आईंना सोबत न्या.