सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी थेरपी) पेपरात येते, पण समोर माणूस बसला की उलटतपासणी सुरू. पोरांना शिकवायचं कसं?

खिडकीपाशी:
नमस्कार मंडळी. मी मानसशास्त्र शिकवते, मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाला. यंदा सीबीटीचं प्रॅक्टिकम पहिल्यांदाच माझ्या गळ्यात पडलंय. चौदा पोरं आहेत, हुशार आहेत, बेकचं मॉडेल (विचारांमुळे भावना आणि वागणं कसं बदलतं ते) विचारा, विचारांतल्या चुकांची यादी विचारा, धडाधड लिहून देतील. पण रोल प्लेला बसवलं की काय होतं ते बघा.

काल क्लायंट झालेली मुलगी म्हणाली, "प्रेझेंटेशनमध्ये मी अडखळले, आता सगळ्यांना कळलंय की मी ढ आहे." थेरपिस्ट झालेला मुलगा लगेच, "सगळ्यांना म्हणजे किती जणांना? पुरावा काय? हे माइंड रीडिंग नाही का?" (म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळलंच असं धरून चालणं.) ती बिचारी गप्प. मग म्हणाली, "हो, असेल." झालं! साहेब खूष, विचारनोंदीच्या तक्त्यात (त्रासदायक विचार, त्यावर किती विश्वास आणि पर्यायी विचार लिहायचा तक्ता) पर्यायी विचारसुद्धा स्वतःच लिहून मोकळा. सात मिनिटांत केस खल्लास.

सॉक्रेटिक प्रश्नांवर, म्हणजे समोरच्याला स्वतःच उत्तर सापडेल असे प्रश्न विचारण्यावर, मी दोनदा लेक्चर घेतलंय, तरी हे. आता तिसऱ्यांदा घेऊ का? आणि मार्क कशावर द्यायचे, खऱ्या क्लायंटसमोर कधी बसवायचं, हेही सांगा कुणीतरी.

टेपवाला:
तिसरं लेक्चर अजिबात घेऊ नका 😄 बारा वर्षं शिकाऊ थेरपिस्टांचं सुपरव्हिजन करतोय, पहिल्या महिन्यात सगळेच वकील होतात, मीही झालो होतो. सीबीटी शिकवणाऱ्या पडेस्की बाईंनी 1993 मध्ये नेमका हाच मुद्दा काढला होता, की आपण प्रश्न विचारतोय ते समोरच्याचं मत बदलायला की त्याच्याबरोबर काहीतरी शोधायला? तुमच्या मुलाला उत्तर आधीच माहीत होतं, घोटाळा तिथे आहे.

मी काय करतो, पहिले तीन आठवडे 'पुरावा' या शब्दावर बंदी. चुकीला नाव द्यायलाही बंदी, म्हणजे माइंड रीडिंग वगैरे नाही. पाच मिनिटांचा रोल प्ले, त्यात फक्त माहिती विचारायची, ऐकायचं, तीनचार प्रश्न झाले की जे ऐकलं ते तिच्याच शब्दांत परत सांगायचं, आणि मग एकच प्रश्न, की हे सगळं एकत्र बघून तुला काय वाटतं.

तुमचाच सीन घ्या. "अडखळलीस तेव्हा नेमकं काय झालं?" "शब्दच आठवेना." "तेव्हा बघत कुठे होतीस?" "खाली, कागदाकडे." "शेवटपर्यंत?" "हो..." "म्हणजे तू अडखळलीस, पुढचा सगळा वेळ कागदाकडे बघत होतीस, आणि सगळ्यांना कळलं असं तुला वाटतंय. तिन्ही शेजारी ठेवून बघ बरं." आता इथे थांबायचं. गप्प बसायचं. पोरांना सगळ्यात जड हेच जातं, दहा सेकंदांची शांतता झाली की ह्यांना घाम फुटतो आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतात.

आणि बघा, क्लार्क आणि वेल्सचं 1995 चं सोशल अँग्झायटीचं (लोकांसमोरच्या भीतीचं) मॉडेल पोरांनी पाठ केलेलं असतं, लक्ष स्वतःकडेच वळणं, सेफ्टी बिहेवियर (भीतीपासून वाचायला केलेल्या छोट्या युक्त्या), सगळं. पण कागदाकडे बघणं म्हणजेच ते, हे तेव्हा सुचत नाही. ते सुचलं की पुढचा प्रयोग आपोआप मिळतो, पुढच्या वेळी मान वर करून बोलायचं आणि चेहऱ्यांवर खरंच काय दिसतं ते येऊन सांगायचं. आणि खरंच लोक हसत असतील तर तेही कळू दे. विचार खरा निघाला तर मग त्या अडचणीवर काम करायचं, त्याला उगाच गोड मुलामा द्यायचा नाही.

मार्कांचं म्हणाल तर कॉग्निटिव्ह थेरपी रेटिंग स्केल वापरा. अकरा मुद्दे, प्रत्येकाला 0 ते 6, एकूण 66. साधारण 40 ला सक्षम धरतात, पण शिकाऊ पोरांकडून पहिल्याच टेपला (सेशनच्या रेकॉर्डिंगला) 40 ची अपेक्षा ठेवू नका. त्यात अजेंडा, फीडबॅक, गृहपाठ, वेळेचा वापर हेही आहे, नुसते प्रश्न नाहीत. आधी पोरानं स्वतःला मार्क द्यायचे, मग तुम्ही, आणि जिथे दोघांत फरक पडेल तेवढ्यावरच बोलायचं.

नवशिकी:
मी दोन वर्षांपूर्वी यातून गेलेय म्हणून लिहिते मॅडम. मला खरा फरक पडला तो स्वतःवर करून बघितल्यावर. थेरपिस्ट कसे शिकतात याचं बेनेट-लेव्ही यांचं 2006 चं मॉडेल आहे ना, माहीत असणं वेगळं, करता येणं वेगळं आणि केल्यावर मागे वळून बघणं वेगळं, त्यातूनच आमच्याकडून आठ आठवडे स्वतःच्या विचारनोंदी भरून घेतल्या होत्या.

माझी पहिली नोंद होती "सुपरव्हायझर टेप ऐकतील आणि म्हणतील हिला काही जमत नाही", विश्वास 85 टक्के 🙈 पर्यायी विचार लिहिला एकदम छान, शुद्धलेखनासकट, आणि विश्वास किती उतरला तर 80. तेव्हा पहिल्यांदा कळलं की क्लायंट "डोक्याला पटतं पण आतून नाही वाटत" म्हणतो तेव्हा तो नाटक करत नसतो. आणि तिसऱ्या आठवड्यात मी माझाच गृहपाठ केला नाही. विसरले नव्हते हं, टाळला होता. त्यानंतर क्लायंटला "का नाही केला?" असं त्या शिक्षकी सुरात विचारणं माझं बंदच झालं, आता विचारते की करायला बसलात तेव्हा मध्ये काय आलं.

फक्त एक करा, नोंदीत काय लिहिलंय ते वर्गात वाचायला लावू नका. आमच्या एका शिक्षकांनी एकीची वाचून दाखवली, दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या नोंदी बेमालूम खोट्या. करताना काय कळलं एवढंच सांगायचं, आणि त्याला मार्क नकोत.

कडूकाढा:
सगळं बरोबर पण एक राहिलं. प्रत्येकाच्या हातात पहिल्या सेशनपासून विचारनोंद देऊ नका. ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही त्याच्याशी विचारांवर काय वाद घालणार, आधी दिवसातली एकदोन छोटी कामं ठरवा, मूड कसा हलतो ते बघा, विचार नंतर. पोरांना तक्ता भरला की थेरपी झाल्यासारखी वाटते.

खऱ्या क्लायंटचं म्हणाल तर माझा नियम साधा आहे. पीएचक्यू-9 या नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, त्याला शून्याऐवजी दुसरं काही उत्तर आलं तर पुढचं वाक्य काय बोलायचं आणि त्याच तासात कुणाला फोन करायचा, हे ज्याला न अडखळता सांगता येत नाही तो बसणार नाही. रोल प्ले कितीही झकास असो. आणि रेकॉर्डिंगला क्लायंटची लेखी संमती, हेही पोरांनी स्वतः मागायला शिकायचं, तुम्ही मागून द्यायची नाही.

नुसत्या वर्कशॉपवर तर माझा विश्वासच नाही. 2005 मध्ये शोलोम्सकास आणि मंडळींनी सीबीटी शिकवायला 78 थेरपिस्टांचे तीन गट केले होते, एकाला फक्त मॅन्युअल, दुसऱ्याला मॅन्युअल आणि वेबसाइट, तिसऱ्याला मॅन्युअल, सेमिनार आणि वर सुपरव्हिजन. प्रत्यक्ष कौशल्यात तिसरा गट पुढे निघाला. आपल्याकडे मात्र दोन दिवसांचं सर्टिफिकेट घेऊन लोक पाटी लावतात, असो.

खिडकीपाशी:
सगळ्यांचे आभार. आज पुरावाबंदी लागू केली, पहिली दहा मिनिटं नुसती खुसखुस, कुणाला वाक्यच सुरू करता येईना. मग त्याच मुलाला त्याची कालची टेप दिली आणि म्हटलं मी काही बोलणार नाही, तूच ऐक. दुसऱ्या मिनिटाला त्यानं स्वतःच बटण दाबून थांबवली. म्हणाला, "मॅडम, इथे ती काहीतरी सांगणार होती."

आता अडचण एकच, चौदा टेपा दर आठवड्याला ऐकायच्या कधी?

टेपवाला:
पूर्ण ऐकूच नका. टेप देतानाच पोरानं लिहून द्यायचं, "इतक्या मिनिटाला अडलो, इथे मदत हवी." तेवढी पाचदहा मिनिटं ऐका. महिन्यातून एखादी अख्खी ऐका, तीही कुठली ते आधी न सांगता 😉